जेसीबीच्या बकेटीत हाड आलं तर: कोकणातल्या मातीतला प्राचीन डीएनए कसा वाचवायचा आणि कसा वाचायचा

चिरेखाण, विहीर, घराचा पाया, शौचालयाचा खड्डा. कोकणात जमिनीखालचं काही वर येतं ते बहुतेक या कामांत, आणि आता सगळीकडे जेसीबी असतो. माझा चुलतभाऊ देवगड तालुक्यात जेसीबी चालवतो. मी घाटावरच्या एका प्रयोगशाळेत जुन्या हाडांची पावडर काढते. आमच्या कामांत दुवा एवढाच, की त्याच्या बकेटीत हाड आलं तर पहिल्या तासात तो काय करतो त्यावर माझ्या टेबलावर काही येणार की नाही ते ठरतं. म्हणून हे लिहिते आहे. आधी त्याच्यासाठी, मग तो ज्यांच्या जमिनीत खणतो त्या सगळ्यांसाठी.

हजारो वर्षांपूर्वी माणसं कुठून कुठे गेली हे जुन्या हाडांतल्या डीएनएवरून कळतं, हे बातम्यांमुळे आता सगळ्यांना माहीत आहे. नकाशे येतात, त्यावर मोठमोठे बाण असतात. पण बाण काढायला आधी हाड लागतं, आणि आपल्याकडे खोळंबतं ते तिथेच.

आधी माती बघा

हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. डीएनए त्या खनिजाला चिकटून टिकतो. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. ते पाणी झिरपत हाडाचं खनिज विरघळवतं आणि त्याबरोबर डीएनए जातो. उरलेलं नुकसान उष्णता करते. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सरासरी तापमान सुमारे १३ अंश असलेल्या त्या जागांमध्ये डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांपैकी निम्मे ५२१ वर्षांत तुटतात, असं त्यात निघालं. आपल्याकडे सरासरी २६-२७ अंश. इथे हा वेग कितीतरी जास्त असणार हे सांगायला गणित नको.

घाटावर चित्र वेगळं आहे. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं खणलं, तेव्हा दोनशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मुलांना मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं. ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची वस्ती. तिथल्या काळ्या मातीत चुनखडी असते, म्हणून हाडं निदान आकाराने तरी राहिली. तेवढ्याच वयाचं दफन आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, असतं तर आज फक्त मडकं मिळालं असतं.

म्हणून कोकणात आशा कुठे ठेवायची ते आधीच ठरवून टाका. कातळावर ठेवू नका. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कुडोपी इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि तेव्हापासून लोक मला विचारतात, "ती कोरणाऱ्यांचा डीएनए काढा की." उघड्या दगडावरून तो निघत नाही. कशेळीच्या कातळात कोरलेल्या हत्तीशेजारी खणायला मातीच नाही.

आशा आहे ती चुन्याजवळ. खाडीकाठी कालवं-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे जुने ढीग असतात, तिथली माती आम्ल राहत नाही. शिंपल्यांचा चुरा मिसळलेली किनाऱ्यावरची वाळूही चालेल. पावसाचं पाणी थेट न जाणाऱ्या गुहा बघा. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळालेली आहेत. गुहेत हाड नसलं तरी तिथल्या मातीच्या थरातून माणसाचा डीएनए काढता येतो, हे थंड प्रदेशातल्या गुहांमध्ये २०१७ पासून दिसलं आहे. आपल्या उकाड्यात ते अवघड, पण म्हणूनच गुहेतली माती "साफसफाई" म्हणून घमेल्याने बाहेर फेकू नये. मंदिराच्या जीर्णोद्धार समित्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात नाही. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती, किनारा बराच पश्चिमेला होता. आफ्रिकेतून निघालेली माणसं किनाऱ्या-किनाऱ्याने इथवर आली असतील तर त्यांचे तळ आता मासेमारीच्या जाळ्यांखाली आहेत.

पहिला तास

मशीन बंद करा. बकेट आहे तिथेच टेकवा, झटकू नका. हाड उचलू नका, पुसू नका, आणि काहीही झालं तरी धुऊ नका. नळाचं पाणी लागलं की वरचा थर मऊ होतो आणि बाहेरचं आत जातं. आपल्या घामात, शिंकेत, बोलताना उडणाऱ्या थुंकीत आपला ताजा डीएनए असतो. हाडातला जुना इतका थोडा असतो की एका माणसाने पाच मिनिटं हाताळलं तरी यंत्राला तोच माणूस जास्त दिसतो. जुनं हाड जिभेला चिकटतं असं कोणीतरी सांगेल. ते खरंच चिकटतं. तरी जीभ लावू नका.

माणसाचं हाड दिसलं की पहिला निरोप पोलीस पाटलाला. हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. हाड कालचं की हजार वर्षांपूर्वीचं हे तुम्ही-आम्ही खड्ड्याच्या कडेला उभं राहून ठरवायचं नसतं. पोलिसांकडून जुनं असल्याचं कळलं की तहसीलदारामार्फत राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. मधल्या वेळात वाडीतल्या जाणत्यांना विचारा, तिथे पूर्वी कोणाची दफनभूमी होती का. लिंगायत, गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती, किंवा जुन्या साथीत गेलेली माणसं. तसं असेल तर त्या समाजाचं मत आधी, विज्ञान नंतर.

मग फोटो. हाडाशेजारी मोजपट्टी ठेवा, नसली तर नाणं. एक फोटो जवळून, एक संपूर्ण खड्ड्याचा, एक लांबून, ज्यात घर किंवा गडगा दिसेल असा. कागदावर लिहा: जमिनीपासून किती खोल, मातीचा रंग, सोबत मडकं, शिंपले, कोळसा काही होतं का. कोळसा आणि शिंपल्यांनाही हात लावायचा नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. हाड निघालं की अर्ध्या तासात कोणीतरी नारळ घेऊन येतं. गाऱ्हाणं जरूर घाला, पण दहा हात लांब. हाडावर हळदकुंकू, तेल, दूध, गोमूत्र काही नको. हाड भुसभुशीत दिसलं म्हणून त्यावर फेव्हिकॉल किंवा वॉर्निश मारणारे उत्साही लोकही असतात. त्यांना चहाला घेऊन जा.

पाऊस असेल तर चार काठ्या रोवून वर ताडपत्री बांधा, हाडाला न टेकणारी, आणि खड्ड्याभोवती चर काढा. ऊन असेल तर सावली करा. यापुढचं काम पुरातत्त्वाच्या माणसांचं. पण विहिरीत पाणी भरतंय, थांबता येत नाही, अशी वेळ आलीच आणि तिकडून फोनवर "काढा" असं सांगितलं, तर एकाच माणसाने काढावं. नवे रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. हाड मातीसकट उचलायचं आणि कागदी पाकिटात ठेवायचं. ओलं हाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की दोन दिवसांत बुरशी येते. पाकीट सावलीत सुकवून थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. माळ्यावर नको, मे महिन्यात कौलांखाली काय तापतं ते सांगायला नको.

कवटी असेल तर तिची बाजू जपा. कानाच्या आतल्या भागाभोवती एक हाड असतं, शरीरातलं सर्वांत घट्ट. आम्ही त्याला पेट्रस म्हणतो. हंगेरीतल्या सांगाड्यांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या हाडातून दातापेक्षा चार ते सोळा पट आणि इतर हाडांपेक्षा १८३ पटींपर्यंत जास्त डीएनए मिळाला. उष्ण देशांतलं बरंचसं काम या एका हाडावर चालतं. कवटी फुटली की ते सुटं होऊन जांभ्याच्या खड्यांत मिसळतं आणि मातीबरोबर ट्रॉलीत जातं. म्हणून त्या जागेची माती गोणपाटावर वेगळी काढून ठेवा, कोणीतरी ती चाळेल. सुटे दातही तसेच जपा.

हाडाला कोणकोण शिवलं त्यांची नावं लिहून ठेवा. भांडणासाठी नाही. पुढे लागलं तर त्यांच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात आणि हाडात सापडलेला डीएनए त्यांच्याशी ताडून पाहतात.

आमच्याकडे काय होतं

हाड आलं की आधी फोटो आणि सीटी स्कॅन. भोक पाडल्यावर मूळ आकार परत येत नाही. मग मी दोन थर हातमोजे, मास्क, चेहऱ्यावर ढाल आणि पांढरा झगा घालून बंद खोलीत जाते. खोलीत गाळलेली हवा आतून बाहेर ढकललेली असते, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. टेबल ब्लीचने पुसायचं, वर अतिनील दिवा. ज्या खोलीत डीएनएच्या प्रती वाढवतात तिथे सकाळी गेलेली व्यक्ती त्या दिवशी या खोलीत येत नाही, मग ती साहेब असो.

बारीक ड्रिलने साधारण ५० मिलिग्रॅम पावडर काढायची. चिमूटभरही नाही. ती ईडीटीए आणि प्रोटिनेज-के नावाच्या विकराच्या द्रावणात रात्रभर फिरत राहते. पहिलं कॅल्शियम सोडवतं, दुसरं प्रथिनं तोडतं. मोकळा झालेला डीएनए सिलिकाला चिकटवून धुऊन घेतात, तुकड्यांच्या टोकांना ओळखीचे जोड लावतात आणि यंत्रात वाचायला देतात. प्रत्येक खेपेला एक नळी हाड न घालता, फक्त द्रावणं घालून चालवतात. त्या कोऱ्या नळीत माणूस निघाला तर पूर्ण खेप संशयाखाली.

निघतं काय, तर वाळवीने खाल्लेल्या पोथीचा भुगा. तुकडे तीस-सत्तर अक्षरांचे, तेही बहुतेक जंतू आणि बुरशीचे. माणसाचा वाटा कधी शंभरात एकसुद्धा नसतो. त्याच पोथीची पूर्ण प्रत आपल्याकडे आहे, म्हणजे माणसाचा तीन अब्ज अक्षरांचा संदर्भ जीनोम (जीनोम म्हणजे संपूर्ण डीएनए). संगणक प्रत्येक तुकडा त्यात कुठे बसतो ते शोधतो. सगळी पोथी जुळवायचा हट्ट धरत नाहीत. माणसामाणसांत जिथे फरक पडतो अशी सुमारे बारा लाख ठिकाणं निवडलेली आहेत, तीच वेचून वाचतात.

तुकडा खरंच जुना कशावरून? हा माझा आवडता भाग. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी हे अक्षर काळाच्या ओघात झिजतं आणि यंत्राला टी असं दिसतं. ही झीज तुकड्याच्या टोकांना जास्त असते. म्हणजे टोकाशी अशा "चुका" भरपूर दिसल्या तर तुकडा जुना. अगदी स्वच्छ, लांब, बिनचूक तुकडे आले तर ते बहुधा कोणाच्या तरी हातातून आलेले. इथे नुकसान हाच दाखला.

अपयशाची तयारी ठेवा. हरयाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले तेव्हा कामाचा एकच निघाला, एका बाईचा, आणि तोही तिच्या डीएनएचे वाचायला शंभराहून जास्त संच तयार करून, सगळं एकत्र करून. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूचा तो अभ्यास २०१९ साली आला. म्हणून "आमच्या हाडाचं काय झालं" असा फोन सहा महिन्यांनी आला आणि मी "काही नाही मिळालं" म्हटलं, तर हाड खोटं होतं असा अर्थ काढू नका.

निकाल हातात आल्यावर

पहिलं विचारा: आईकडचा वाचलाय, की सगळा? आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या छोट्या ऊर्जाघरांचा, डीएनए १६,५६९ अक्षरांचा, पेशीत त्याच्या शेकडो प्रती, त्यामुळे तो जुन्या हाडात आधी सापडतो. पण तो एकच रेषा सांगतो: आई, आजी, पणजी. दहा पिढ्या मागे गेलात तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, आणि ही रेषा त्यांतल्या एका बाईची गोष्ट सांगते.

तरी नीट प्रश्न विचारला तर तेवढंही पुष्कळ. आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेला गुजरातच्या हद्दीत संजाण आहे. पारशी पहिल्यांदा उतरले ते गाव. तिथल्या जुन्या दोखम्यात, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या वास्तूत, मिळालेल्या २१ नमुन्यांचा आईकडचा डीएनए तपासला गेला आणि अभ्यास २०१७ साली आला. ४८ टक्के रेषा दक्षिण आशियातल्या निघाल्या. म्हणजे आलेल्यांत इथल्या बायका फार लवकर मिसळल्या. हा इतिहासकाळ आहे, प्रागैतिहासिक नाही. पण समुद्राकडून झालेलं स्थलांतर हाडातून कसं वाचतात याचा आपल्या सर्वांत जवळचा नमुना हाच.

दुसरं, तारीख कशी काढली? उत्तराखंडातल्या पाच हजार मीटर उंचीवरच्या रूपकुंड तळ्यातले सांगाडे एकाच आपत्तीत मेलेल्यांचे, असं सगळे धरून चालले होते. २०१९ साली ३८ जणांचा डीएनए आणि कार्बन-१४ (हाडातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) दोन्ही पाहिलं. २३ दक्षिण आशियाई वंशाचे, साधारण आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचे. १४ पूर्व भूमध्य सागराकडचे, जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे. एक आग्नेय आशियाई. नुसत्या डीएनएवरून "यवन इथवर आले" अशी आठव्या शतकातली कथा कोणीही रचली असती. कोकणात तारखेबाबत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. समुद्रातला कार्बन मुळात जुना असतो, त्यामुळे जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाचं हाड खऱ्या वयापेक्षा काही शतकं जुनं दिसू शकतं. आहार किती समुद्राचा होता ते हाडातल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून, कळतं. ती दुरुस्ती केली का, हे विचारायला लाजू नका.

तिसरं, तुलना कोणाशी केली? मिश्रणाचं गणित असं चालतं: या माणसाचा जीनोम अमुक आणि तमुक या दोन-तीन गटांच्या मिश्रणातून बनू शकतो का? उत्तर येतं "बनू शकतो" किंवा "नाही बनत". "हेच झालं" असं उत्तर येत नाही. राखीगढीच्या बाईत इराणकडच्या जुन्या लोकांशी नातं सांगणारा वाटा आणि दक्षिण आशियातल्या शिकारी-संकलकांचा वाटा जुळला, स्टेपचा, म्हणजे मध्य आशियाकडच्या गवताळ मैदानांतल्या लोकांचा, वाटा दिसला नाही. त्याच वर्षी ५२३ प्राचीन माणसांचा जो मोठा अभ्यास आला, त्यात स्टेपचा वाटा दक्षिण आशियात इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान आला असं मांडलं आहे. त्याचा मोठा आधार पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली थडगी आणि आजच्या लोकांचे नमुने. त्या ५२३ मध्ये कोकणातला एकही नाही. कोकणावरून जाणारा बाण कोणी दाखवला तर तो लांबच्या हाडांवरून आणि जिवंत माणसांवरून ओढलेला आहे, हे लक्षात असू द्या.

जिवंत माणसांवरूनही पुष्कळ कळतं. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, दोन हजार वर्षांपूर्वी. २०१६ साली आलेल्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वंश स्पष्ट दिसले आणि मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांमागचं निघालं, म्हणजे ढोबळ मानाने साडेसहाशे ते हजार वर्षं. लगेच "परंपरा खोटी" म्हणणारे निघाले. पण मिश्रणाचा काळ म्हणजे उतरण्याचा काळ नव्हे. गलबतातून उतरून लोक कित्येक शतकं आपसांतच लग्नं करू शकतात, आणि डीएनएच्या घड्याळात फक्त लग्नं नोंदली जातात.

दर गणपतीला आमचे काका पडवीत बसून विचारतात, "गो, मग सांग तर, आपण मूळचे खयले?" त्यांना बाजारातलं थुंकीचं किट मागवायचं असतं. मी सांगते, पैसे तुमचे, पण ते किट तुमची तुलना मुख्यतः आजच्या लोकांशी करतं. चार हजार वर्षांपूर्वी देवगडच्या खाडीत कोण कालवं फोडत होतं ते त्याला ठाऊक नाही. आणि वीस पिढ्यांमागे कागदावर दहा लाखांहून जास्त पूर्वज होतात, त्यातला नेमका कोणता धरून "मूळ" म्हणायचं? काकांना हे उत्तर पटत नाही. त्यांना एका गावाचं नाव हवं असतं.

शेवटी कागदाचं काम. हाड प्रयोगशाळेत जाण्याआधी पुरातत्त्व विभागाकडून लेखी घ्या: कोणता भाग नेला (एक पेट्रस किंवा एक दात पुरतो, दोन्ही बाजू एकदम देऊ नयेत), किती पावडर काढणार, उरलेलं कुठे ठेवणार, सीटी स्कॅनची प्रत कोणाकडे राहणार, निकाल छापून आल्यावर ग्रामपंचायतीला मराठीत कळवणार की नाही. हे कागद आणि तुमचे खड्ड्याचे फोटो एकाच फायलीत लावा. फाईल सरपंचाच्या घरी नको, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. निवडणुकीनंतर सरपंच बदलतो.